माळ्यावरची डिस्क

महाडच्या बाजारपेठेत ज्याचं दुकान आहे, तो मृगाच्या आधी खालचं सामान माळ्यावर चढवतो. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांनी शहराला ही सवय लावली आहे. किराणावाला पोती चढवतो, कापडवाला गठ्ठे चढवतो, मी सीपीयू चढवतो. माझं दुकान संगणक दुरुस्तीचं. जोडीला डीटीपी, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन अर्ज. वीस वर्षांच्या वर झाली या धंद्यात. २००५ च्या जुलैत पाणी दुकानात कुठवर आलं होतं, त्याची रेघ मी भिंतीवर तेलरंगाने मारून ठेवली होती आणि माळा त्या रेघेच्या हातभर वर बांधून घेतला होता. बॅकअपची डिस्क त्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली असायची. आपल्याकडून करण्यासारखं ते आपण केलं, असं मला वाटायचं.

२२ जुलै २०२१ ला पाणी माळ्याच्याही वर गेलं.

त्याच दिवशी तालुक्याच्या डोंगराकडच्या अंगाला तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. काहींचे देहही मिळाले नाहीत. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीवरही दरडी आल्या. त्या आठवड्यात महाडातला माणूस आपल्या दुकानातला चिखल काढत होता आणि तळीयेचं नाव निघालं की गप्प होत होता. संगणकाच्या बॅकअपबद्दल लिहिताना या दोन गोष्टी एकत्र मांडाव्यात की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. पण माझ्या धंद्यातला सर्वांत मोठा धडा तिथूनच आला आहे, त्यामुळे तळीये वगळून मला तो सांगता येणार नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा सायबर कॅफेंचे दिवस होते. दहा मशीनचं कॅफे उभं करायचं म्हणजे दहा वेळा विंडोज मारायचं, दहा वेळा ड्रायव्हर घालायचे. ज्यांच्याकडे मी काम शिकलो, त्यांनी एका रात्री एक फ्लॉपी काढली. त्यात घोस्ट होतं. एक मशीन नीट तयार केलं, त्याची इमेज घेतली आणि उरलेल्या नऊ मशीनवर ती उतरवली. पहाटेपर्यंत कॅफे तयार. घोस्ट मूळचं न्यूझीलंडचं. पुढे १९९८ मध्ये सिमँटेकने ते घेतलं आणि ‘नॉर्टन घोस्ट’ म्हणून ते जगभर पोचलं. आमच्या पिढीच्या दुरुस्तीवाल्यांच्या तोंडात ‘इमेज घे’ऐवजी ‘घोस्ट मार’ असंच बसलं होतं. २०१३ मध्ये ते बंद झालं, तरी शब्द काही वर्षं टिकला.

इमेज म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला मी असं सांगतो: फाइली कॉपी करणं म्हणजे घरातली भांडी-कपडे हलवणं, इमेज घेणं म्हणजे घरच जसंच्या तसं, खुंटीवरच्या किल्लीसकट उचलून ठेवणं. आमच्यासारख्या छोट्या गावातल्या दुकानांना याची गरज मोठ्या कंपनीपेक्षा जास्त असते. एका मशीनवर श्रीलिपी असते, तिचे वर्षानुवर्षं जमवलेले फाँट असतात. टॅली असते, तिचा परवाना असतो. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची सेवा असते, डिजिटल सहीचं टोकन असतं, एका विशिष्ट प्रिंटरचा एक विशिष्ट जुना ड्रायव्हर असतो, जो आता कुठेच मिळत नाही. हे सगळं जुळवायला दोन-तीन दिवस जातात. ‘माझा डेटा मी पेन ड्राइव्हवर घेतो’ म्हणणाऱ्याचा डेटा राहतोही, पण धंदा आठवडाभर बंद पडतो.

क्लोन आणि इमेज यांतही लोकांची गल्लत होते. क्लोन म्हणजे एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना तो उत्तम. पण क्लोनने एक डिस्क पूर्ण अडकते आणि त्यावर एकाच दिवसाची स्थिती राहते. इमेज ही एक फाइल असते, किंवा फाइलींचा संच. एका मोठ्या डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या पाच-सात इमेज राहू शकतात. आजची बिघडलेली असेल तर दोन महिन्यांपूर्वीची उघडता येते. या जुन्या तारखांचं मोल मला फार उशिरा कळलं.

घोस्ट गेल्यावर मी बऱ्याच प्रोग्रॅमच्या मागे लागलो. दर दोन वर्षांनी नवा. निवडताना मी जे पाहत होतो, ते आज आठवलं की वाईट वाटतं. इमेज किती लवकर होते, फाइल किती लहान होते, बटणं किती सोपी आहेत, पैसे किती. म्हणजे इमेज घेण्याच्या दिवसाचाच सगळा विचार. ती उतरवण्याच्या दिवसाचा विचार माझ्या मनात नव्हता.

तो दिवस एका सप्टेंबरात आला. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे हिशेबाचं काम चालायचं. लेखापरीक्षणाची मुदत ३० सप्टेंबर. त्याआधी दहा-बारा दिवस त्यांच्या मुख्य मशीनची हार्ड डिस्क गेली. मी शांत होतो. दर रविवारी आपोआप इमेज घेतली जात होती आणि पडद्यावर हिरवी खूण येत होती. नवी डिस्क बसवली, रिस्टोर सुरू केलं आणि मध्येच ते थांबलं: फाइल खराब. मी जागेची काटकसर म्हणून एकदाच पूर्ण इमेज घेऊन पुढे दर आठवड्याला फक्त बदल साठवायची व्यवस्था केली होती. ती साखळी असते. मधली एक कडी तुटली की तिच्या पुढचं सगळं गेलं. आमची मे महिन्यातली कडी तुटलेली होती. जून, जुलै, ऑगस्टच्या सगळ्या हिरव्या खुणा त्या तुटक्या कडीला लोंबकळत होत्या. त्या माणसांनी तीन महिन्यांहून अधिक काळाच्या नोंदी रात्री जागून कागदांवरून पुन्हा घातल्या. मला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी काम दुसऱ्याला दिलं आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून मी महिन्याला एक पूर्ण इमेज घेतो. मधल्या आठवड्यांत बदलांची, पण प्रत्येक वेळी मूळ पूर्ण इमेजपासूनचे बदल. म्हणजे उतरवताना दोनच फाइली लागतात, वीस नाहीत. जागा जास्त जाते, जाऊ दे. आणि प्रत्येक इमेज तयार झाल्यावर तपासणी चालवतो. ती सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते, पण वेळ लागतो म्हणून लोक बंद ठेवतात. तपासणी झाली तरी माझं समाधान होत नाही. वर्षातून एकदा एक जुनी फालतू डिस्क घेऊन त्यावर ती इमेज उतरवतो आणि मशीन चालू होतं का ते बघतो.

आता २०२१ कडे येतो. पाणी उतरलं तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ होता. पेटी माळ्यावरून खाली, काउंटरखाली चिखलात रुतलेली. पिशव्यांत पाणी. लाइट नव्हती, रेंज नव्हती. लाइट येईपर्यंत लोकांनी आपापल्या भिजलेल्या हार्ड डिस्क माझ्याकडे आणायला सुरुवात केली. कुणी उन्हात वाळवून, कुणी तांदळात ठेवून, कुणी टॉवेलने पुसून. त्या दिवसांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इथे नोंदवून ठेवतो, कारण त्या पुन्हा कुणाच्या हातून होऊ नयेत. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं. बाहेरून कोरडी दिसली तरी आतल्या तबकडीवर गाळाचा थर असू शकतो. अशा डिस्कला लाइट दिली की वाचणारं टोक त्या थरावरून घासत जातं आणि मग प्रयोगशाळेलाही काही करता येत नाही. लाइट आल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत, लोकांच्या घाईपुढे नमून, मी तीन डिस्क चालू करून पाहिल्या. तिन्ही कायमच्या गेल्या. भिजलेली डिस्क वाळवूही नये. ओलसर फडक्यात गुंडाळून, बंद पिशवीत, तशीच डेटा काढणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी. खर्च मोठा असतो, पण आशा तिथेच असते.

ज्या डिस्क पाण्यात गेल्या नव्हत्या, पण धक्क्याने किंवा वयाने कुरकुरत होत्या, त्यांच्यावर मात्र मला काम करता आलं. तिथे एकच नियम: आधी इमेज, मग उपचार. आजारी डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नाहीत. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी सोपे, धडधाकट भाग उचलून घेतो, अडलेले भाग सोडून पुढे जातो आणि शेवटी परत येऊन त्या अडलेल्या भागांवर प्रयत्न करतो. कुठवर काम झालं याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो, त्यामुळे लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. त्या ऑगस्टमध्ये महाडला लाइट किती वेळा जायची, ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका शाळकरी मुलाच्या वडिलांची डिस्क डीडीरेस्क्यूने पाच दिवस चघळली, पण घरचं सगळं परत आलं.

ऑगस्टच्या मध्यावर एक तरुण दुकानात आला. मुंबईत कामाला होता म्हणून वाचलेला. मी अजून भिंती धूत होतो. तो दारातच उभा राहिला.

“दादा, तुम्ही आमच्या वाडीत आला होतात ना, निळा पडदा लावून म्हाताऱ्यांचे फोटू काढलेत,” तो म्हणाला. “आमच्या आईचा असंल का हो त्यात?”

मी गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणबाळ योजनेचे अर्ज आणि दाखले यांसाठी लॅपटॉप, कॅमेरा आणि पडदा घेऊन दिवसभर तळीयेत बसलो होतो. एका घराच्या ओटीवर पडदा लावला होता. बायकांनी डोक्यावरून पदर सारखा केला होता. एका आजींनी फोटोआधी चष्मा काढून ठेवला होता. पण तो फोल्डर मी नंतर पुसून टाकला होता. पासपोर्ट फोटोच ते, कोण जपून ठेवतो? बॅकअपसाठी मी ज्या फोल्डरांची यादी केली होती, तिच्यात ते कधीच नव्हते. टॅली होती, लग्नपत्रिकांच्या फाइली होत्या, माझे स्वतःचे हिशेब होते. मौल्यवान काय ते मी ठरवलं होतं आणि या माणसाच्या आईचा चेहरा माझ्या यादीबाहेर राहिला होता.

रात्री जेवताना आठवलं. २०२० च्या टाळेबंदीत वेळ होता म्हणून मी त्या लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती आणि बसवण्याआधी संपूर्ण डिस्कची इमेज घेतली होती. तळीयेचा फोल्डर मी पुसला तो त्यानंतर. ती इमेज ज्या पोर्टेबल डिस्कवर होती, ती माझा पुण्यातला भाचा सिनेमे भरून घेण्यासाठी घेऊन गेला होता आणि मी परत मागायला विसरलो होतो. यात माझी दूरदृष्टी काहीच नव्हती. जी डिस्क मी विचार करून, जपून, माळ्यावर ठेवली ती बुडाली. जी विसरलो ती वाचली.

भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे वेगळाच लॅपटॉप, वेगळं विंडोज. इमेज मॅक्रियम रिफ्लेक्टच्या फुकट आवृत्तीत घेतलेली होती. त्याने तो प्रोग्रॅम उतरवून घेतला, इमेजवर क्लिक केलं आणि ती त्याच्या संगणकावर एखादा नवा ड्राइव्ह असावा तशी उघडली. रिस्टोर करायची गरज नाही, जुनी डिस्क नको, माझा लॅपटॉप नको. “मामा, तळीये नावाचा फोल्डर आहे,” तो म्हणाला. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. “त्रेचाळीस फोटो आहेत.”

त्या तरुणाला त्याच्या आईचा फोटो मोठा करून दिला. नंतर आणखी माणसं आली. कुणाला फोटो हवा होता, कुणाला त्याच फोल्डरमधल्या रेशन कार्डाच्या, दाखल्याच्या स्कॅन प्रती. वारसांना मदतीसाठी कागद जोडावे लागत होते आणि कागद घरासोबत गाडले गेले होते.

प्रोग्रॅम कोणता घ्यावा, असं मला लोक विचारतात तेव्हा मी आता उलटा प्रश्न विचारतो: तुमची इमेज उघडणार कोण? तुम्हीच असाल असं धरू नका. तुमची बहीण असेल, मुलगा असेल, दुसऱ्या गावातला, दुसऱ्या मशीनवरचा. त्या दिवशी लाइट असेलच असं नाही, नेट असेलच असं नाही. म्हणून ज्या प्रोग्रॅमला इमेज उघडताना नेटवर जाऊन खात्यात लॉगिन करावं लागतं, तो महाड-पोलादपूरच्या माणसाने दूर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी अट, इमेजमधून एकच फाइल काढता आली पाहिजे. तिसरी, त्याची रेस्क्यू पेन ड्राइव्ह, म्हणजे विंडोज बंद पडल्यावर मशीन सुरू करून इमेज उतरवणारी, तुमच्या प्रत्यक्ष मशीनवर चालवून पाहिली पाहिजे. हल्लीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये आतली एसएसडी त्या पेन ड्राइव्हला दिसतच नाही, कारण इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर तिच्यात घातलेला नसतो. हे संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

नावं विचाराल तर तीही सांगतो. मॅक्रियमची फुकट आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून संपली. आता ते विकत घ्यावं लागतं. माझ्याकडे जुन्या इमेज त्या स्वरूपात असल्यामुळे जुन्या आवृत्तीची स्थापना-फाइल आणि रेस्क्यू पेन ड्राइव्ह मी इमेजच्या शेजारीच ठेवतो. प्रोग्रॅम बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात. उघडायचं साधन इमेजसोबत असायलाच हवं. विंडोजमधली स्वतःची सिस्टीम इमेजची सोय अजून दिसते, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ पासूनच तिच्यावरचं काम थांबवलं आहे, तिच्या भरवशावर राहू नये. क्लोनझिला हा तैवानमध्ये घडलेला मुक्त प्रोग्रॅम अतिशय भरवशाचा आहे, पण निळ्या पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून निर्णय घ्यावे लागतात, आणि उलट्या डिस्कवर बोट पडलं तर असलेलं पुसलं जातं. शिवाय नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर तो सहसा अडतो. त्याच्याच इमेज वाचणारा रेस्क्यूझिला चित्रांच्या पडद्याने चालतो, एक फाइल काढूनही देतो. दुकानात येणाऱ्या साध्या माणसाला मी तोच देतो. ज्याला विंडोज चालू असताना दर आठवड्याला आपोआप इमेज हवी, त्याला वीमच्या एजंटची फुकट आवृत्ती बसवून देतो.

एक गोष्ट अजून माझ्या मनाला टोचते. त्रेचाळीस माणसांचे फोटो आणि कागद माझ्या नकळत भाच्याच्या कपाटात सिनेमांच्या शेजारी पडून होते, बिनकुलपाचे. त्या वेळी ते कामी आले, पण डिस्क चुकीच्या हाती पडली असती तर? आता माझ्या सगळ्या इमेजना परवलीचा शब्द आहे. तो कागदावर लिहून बहिणीकडे आणि बायकोकडे बंद पाकिटात दिला आहे, कारण शब्द फक्त माझ्या डोक्यात राहिला आणि मीच गेलो तर ती इमेज म्हणजे लोखंडाचा तुकडा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असलेल्या लॅपटॉपची ४८ आकडी किल्लीही त्याच पाकिटात. काम झालं की लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती मी आता त्याच दिवशी पुसतो, आणि ज्या जुन्या इमेजमध्ये त्या आहेत त्या इमेजही वर्षानंतर पुसतो.

माळा अजून आहे. त्यावर आता प्रिंटर आणि कागदाची रिमं जातात. डिस्क दोन आहेत: एक दुकानात, एक पुण्याला बहिणीकडे. दर तीन महिन्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती त्यांची अदलाबदल होते आणि पुण्याला पोचली की भाचा ती उघडून एक फाइल मला पाठवतो.

तळीयेच्या फोल्डरमधले कागद मी पुसले आहेत, फोटो ठेवले आहेत. त्रेचाळीसपैकी नऊ फोटोंसाठी अजून कुणी आलेलं नाही. तळीयेचं किंवा तळीयेच्या नात्यातलं कुणी हे वाचत असेल, तर दुकानात यावं. मोठा करून देईन, पैसे लागणार नाहीत.